एका चिखलाचे तीन मालक

३ फेब्रुवारी

दाजी,

नमस्कार. वाकून केलाय असं समजा. फळ्यांच्या खोलीत बसून लिहितोय, इथे खरोखर वाकलं तर डोकं रॅकवर आपटतं.

ताईचा हुकूम तुम्हाला माहीत आहेच: फोन बंद. आपण दोघं फोनवर बोलायला लागलो की तिसऱ्या मिनिटाला तुमचा आवाज चढतो, चौथ्याला माझा, आणि तुमचं नुकतंच शिवून आणलेलं हृदय त्याला पुरं पडत नाही. डॉक्टरांनी म्हणे तिला विचारलं, "यांना त्रास कशाने होतो?" तर ही बया म्हणाली, "माझ्या भावाने." म्हणून आता पत्र. पत्रात ओरडता येत नाही असं तिचं मत आहे. तुम्हाला जमेल, माझी खात्री आहे.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. म्हणजे रोज नवं काहीतरी आहे. गेल्या शनिवारी बॉक्सिंग झालं, मंगळवारी दोन हजार शाळकरी पोरांनी एका सुरात गाणं म्हटलं, आणि काल एका कॉलेजने पदव्या वाटल्या. आठ दिवसांत तीन वेळा माझ्या माणसांनी खुर्च्या हलवल्या. मला या स्टेडियमचं अजून नवल वाटतं बघा. एकच अंग, पण कपडे किती! आणि सगळे कपडे उतरवले की आत तुमची ती लाल माती, काही झालंच नाही अशी पडलेली.

तुमच्या जागी कोर्ट राखायला आलेल्या बाईंचं कळलं असेल. वय तिशीच्या आत-बाहेर, बोलणं मोजकं. हातात एक मीटर असतं. त्याची सुई कोर्टात खुपसायची, ओल किती ते बघायचं, वहीत लिहायचं. रोज सकाळी चाळीस ठिकाणी. मी म्हटलं, आमचे दाजी अनवाणी चालायचे आणि पाय सांगेल ते करायचे. तर म्हणाली, "ऐकलंय. पण माझे पाय अजून इतके शिकलेले नाहीत." मला उत्तर आवडलं. तुम्हाला आवडणार नाही.

आता मुख्य बातमी. सहा एप्रिलला टेनिसची स्पर्धा सुरू. पण त्याआधी, सत्तावीस फेब्रुवारीला कोर्ट झाकायला त्यावर फळ्या पडणार, त्या तेरा मार्चला उठणार. मोठा गाण्याचा कार्यक्रम आहे, असा मोठा की एकवीस वर्षांत मी असं स्टेज उभं केलेलं नाही. म्हणजे पंधरा दिवस तुमची माती अंधारात. शिव्या द्या, पण हळू द्या.

आणि दुसरी बातमी मी सांगू नये असं साहेबांनी बजावलंय, म्हणून सांगतो. खेळाडू ज्या बोळातून कोर्टावर येतात, त्या बोळाला तुमचं नाव देणार आहेत. पितळी पाटी करायला टाकलीय. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी लावणार. तोवर शिवण सांभाळा.

तुमचा मेहुणा

९ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

पत्र पोचलं. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. तुझ्या बहिणीने चष्मा लावून वाचून दाखवलं आणि मध्येमध्ये हसली, म्हणून तुला चार दिवस उत्तर लिहिलं नाही.

पाटीचं ऐकलं. लोकांना काही उद्योग नाही. (पितळी म्हणतोस, की पितळेसारखी? नीट चौकशी कर.)

आता कामाचं. पंधरा दिवस! तुम्ही ढोलवाले एक दिवस त्या मातीला गाडणार आहात. ती जागा म्हणजे लग्नाचा हॉल नव्हे रे. पंधरा हजार माणसं एका चेंडूसाठी श्वास रोखून बसतात, तेव्हा वरच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाची खुर्ची कुरकुरलेली मला खाली ऐकू यायची. अशी शांतता मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. आणि खेळाडू हरले की खापर कोर्टावर. नाचता येईना अंगण वाकडं! एकतीस वर्षांत माझं अंगण एकदाही वाकडं निघालं नाही.

तर ऐक. फळ्या टाकायच्या आधी मातीला झोपवावं लागतं. म्हणजे आदल्या दिवशी मोजून पाणी द्यायचं, रोलर फिरवायचा, मग अनवाणी चालून बघायचं. माती सुकी राहिली तर फळ्यांखाली तिचा भुगा होतो, आणि फळ्या उचलल्यावर वाऱ्याबरोबर अर्धं कोर्ट प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातं. तुमच्या मीटरबाई ती सुकीच ठेवणार. मीटरवाल्यांना बुरशीची भीती असते, पुस्तकात लिहिलेलं असतं ना. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

म्हणून तू एक काम कर. सव्वीस तारखेला बाई घरी गेल्या की नळी लाव आणि दहा मिनिटं पाणी मार. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सारखं. मग चपला काढून एकदा चाल. टाचेला ओलसर लागलं म्हणजे झालं. बाईंना सांगू नकोस. उगाच वाद नको, नवी माणसं दुखावतात.

हे एवढं माझ्यासाठी कर. माझं सगळं आयुष्य त्या मातीत गेलंय, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझा दाजी

ता. क. हे पत्र मी वाचलंय. ओरडल्याची जागा तीन ठिकाणी खोडली आहे. तू जेवतोस ना वेळेवर? — ताई

२८ फेब्रुवारी

दाजी,

फत्ते! तुमचा मेहुणा आज चोर आणि शिपाई दोन्ही झाला.

परवा बाई पाचला गेल्या. साडेपाचला मी नळी लावली आणि घड्याळ लावून दहा मिनिटं पाणी मारलं. सारखं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, जणू मी जन्मभर हेच केलं. सुरुवातीलाच चपला काढल्या होत्या, भिजायला नकोत म्हणून. टाच चांगलीच गार लागली. रंगही गडद दिसत होता, पण संध्याकाळचा उजेड तो, त्यात सगळंच गडद दिसतं. मला मातीतलं काय कळतंय? तुम्ही सांगितलं, मी केलं.

काल सकाळी सहालाच माणसं बोलावली आणि पूर्वेकडून फळ्या टाकायला घेतल्या. बाई आठला आल्या तेव्हा निम्मं कोर्ट झाकून झालं होतं. त्या मीटर घेऊन फळ्यांच्या कडेशी आल्या. म्हणाल्या, "आज लवकर?" मी म्हटलं, "ट्रक लवकर आलेत." ट्रक दहाला आले. देव मला क्षमा करो आणि ताईही करो.

पण दाजी, ट्रक आले ते बघायला हवं होतं तुम्ही! एकोणीस. छपराच्या तुळयांना आम्ही दिव्यांचे सांगाडे टांगले. प्रत्येक दोरावर दोन माणसं, आणि खाली एकजण नुसतं वर बघत हाताने खुणा करणारा. बोलणं नाही. शेवटचा सांगाडा जागेवर बसला तेव्हा सगळे खाली बसले आणि हसायला लागले, कारण कुणालाच खात्री नव्हती. तुम्ही शांततेचं म्हणता, ती आमच्यातही असते. तुम्ही ती कधी बघितली नाहीत, कारण फळ्या पडल्या की तुम्ही रागाने सुट्टी टाकायचात.

संध्याकाळी ढोल लावून बघितले. मी मधल्या जाळ्याच्या जागेवर उभा होतो. पायाखालून थरथर आली. मनात म्हटलं, खाली दाजींची माती झोपलीय, हळू वाजवा रे.

मेहुणा

३ मार्च

मेहुणेबुवा,

एकच विचारतो, आणि नीट आठवून लिही. टाच गार लागली ती पाणी मारायच्या आधी की नंतर?

आधी लागली असेल तर कोर्टाला अगोदरच पाणी मिळालं होतं. तसं असेल तर आता तेरा तारखेपर्यंत कुणाच्याच हातात काही नाही, हे मला कळतं. वर तुझं ते एवढं स्टेज. पण मला माहीत असलं पाहिजे.

लगेच लिही.

दाजी

६ मार्च

दाजी,

नंतर. काळजी नको. कार्यक्रम छान चाललाय.

मेहुणा

१५ मार्च

आदरणीय मास्तर,

आपली भेट नाही. तुमच्या जागी काम करते ती मी. तुमच्या प्रकृतीबद्दल सगळे सांगतात, त्यामुळे हे पत्र लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. पण दुसऱ्या कुणाला विचारावं असा माणूस मला माहीत नाही.

परवा फळ्या उचलल्या. पूर्वेकडचं अर्धं कोर्ट भिजलेल्या पावासारखं झालं आहे. टाच दोन बोटं आत जाते. रेषांसाठी ठोकलेल्या पांढऱ्या पट्ट्यांचे खिळे हाताने उपटून येतात. मागच्या रेषेवर हिरवट बुरशी आहे आणि कुबट वास येतो. पश्चिमेकडचं थोडं बरं आहे, पण चेंडू तिथेही उसळत नाही, थप्प करून बसतो.

मी काय केलं ते जसंच्या तसं लिहिते. तुमच्या अवजारांच्या खोलीच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा आहेत, एकतीस वर्षांच्या. फळ्या किती दिवस राहणार, आदल्या दिवशी पाणी किती मिनिटं. पहिल्याच आठवड्यात मी ते दार उतरवून घेतल्यासारखं वहीत उतरवून घेतलं. तुमच्या त्या दारासारखी वही मी अजून कुठल्या कॉलेजात बघितलेली नाही. पंधरा दिवसांसाठी तुम्ही दर वेळी दहा मिनिटं लिहिलंय. माझं मीटर आठ पुरे म्हणत होतं. मी मीटर बाजूला ठेवलं आणि तुमचं ऐकलं. सव्वीस तारखेला दुपारी चारला दहा मिनिटं पाणी दिलं, रोलर फिरवला. अनवाणी चालले नाही, कारण पाय काय सांगतात ते मला वाचता येत नाही.

तरी हे झालं. म्हणजे कुठेतरी माझं चुकलं.

सोमवारी समितीची बैठक आहे. स्पर्धा दुसऱ्या शहरातल्या सिमेंटच्या कोर्टावर हलवायची, असं निम्म्यांचं म्हणणं आहे. एकदा गेली की ती परत येणार नाही, आणि इथली माती कायमची उचलून सिमेंट घालतील, असं साहेब म्हणाले. मी साहेबांना सांगितलंय की जबाबदारी माझी आहे, आणि राजीनामा लिहून ठेवलाय. त्याचं मला एवढं वाटत नाही. पण एकतीस वर्षं तुम्ही राखलेलं कोर्ट माझ्या पहिल्याच वर्षी गेलं, याचं मात्र वाटतं. झोप येत नाही.

माझी चूक कुठे झाली, तेवढं सांगाल का?

तुमची नम्र,
(इथे मला मीटरबाई म्हणतात. नाव तुम्ही ठेवलंत असं कळलं. चालेल.)

१७ मार्च, तातडीने

बाई,

तुमची चूक कुठेच झाली नाही.

तुम्ही चारला पाणी दिलंत. साडेपाचला माझ्या मेहुण्याने परत दिलं, दहा मिनिटं, मी लिहून कळवलं होतं म्हणून. तुम्हाला सांगू नकोस हेही मीच लिहिलं. मला वाटलं तुम्ही माती सुकी ठेवाल. तुम्ही माझ्या दारावर विश्वास ठेवलात आणि मी तुमच्यावर ठेवला नाही. इथे खुर्चीत बसून मी उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि शेळ्या चिखलात गेल्या. एकतीस वर्षं जपलेलं कोर्ट मी स्वतः बुडवलं, आणि तेही जपायच्या नादात. तुमच्यापुढे मला फार लाज वाटते.

सोबतचा दुसरा कागद साहेबांचा आहे. त्यात हे सगळं लिहिलंय. बैठकीत मोठ्याने वाचा म्हणावं. आणि त्या बोळाच्या पाटीवर माझं नाव घालू नका, हेही त्यात आहे. राजीनामा फाडा. तो तुमच्याकडून घ्यायचा असेल तर आधी माझी एकतीस वर्षं परत घ्यावी लागतील.

आता रडायला वेळ नाही, एकोणीस दिवस आहेत. वरचा थर, जिथे बुरशी आहे तिथला, दोन बोटं खरवडून टाका. खालचा चुनखडीचा थर उघडा करा आणि त्याला वारा द्या. ऊन थेट नको, तडे जातील. छप्पर सकाळी दोन तास उघडा, मग बंद. वारा लागेल भरपूर, आणि तसे पंखे आपल्याकडे नाहीत. पण ढोलवाल्यांकडे आहेत. स्टेजवर धूर सोडतात तो ढकलायचे मोठाले. माझ्या मेहुण्याला सांगा. नाही म्हणाला तर सांगा, दाजींना आधी-नंतर कळतं.

खालचा थर सुकला की नवी माती चाळून, पातळ पातळ, तीन वेळा. प्रत्येक थराला पाणी किती, ते तुमच्या मीटरला विचारा. मला विचारू नका.

मास्तर

ता. क. मी यांना काही बोलले नाही. बोलायची गरजच राहिली नाही. दोन दिवस नीट जेवलेले नाहीत. तू तेवढं कोर्ट उभं कर ग बाई. — यांची बायको

२५ मार्च

दाजी,

आधी मारून घ्या, मग वाचा.

टाच पाणी मारायच्या आधी गार लागली होती. तुमचं पत्र आलं त्याच क्षणी मला कळलं. पण ताईने बजावलं होतं की यांना धक्का बसेल असं काही लिहायचं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्यात दमही नव्हता. एकवीस वर्षं तुम्ही मला मातीचा मारेकरी म्हणत आलात, मी हसत आलो. या वेळी खरंच मारली, आणि तुम्हाला कसं सांगू?

तेरा तारखेला बाई त्या चिखलात गुडघे टेकून बसल्या. हातात माती घेतली, वास घेतला, आणि मीटर पुसून पेटीत ठेवलं. कुणावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पाच दिवस तोंड लपवलं. शेवटी बैठकीच्या दिवशी सकाळी साहेबांच्या खोलीत गेलो आणि सांगून टाकलं: पाणी मी मारलं, स्वतःच्या मनाने, कुणी सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले, "बसा." तेवढ्यात बाई आल्या, त्या आपला राजीनामा घेऊन. आम्ही दोघं "माझी चूक, माझी चूक" करतोय तोवर शिपाई तुमचा तातडीचा लिफाफा घेऊन आला. बाईंनी त्यातलं त्यांच्या नावाचं पत्र वाचलं आणि तुमचा दुसरा कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "इतकी वर्षं नोकरी करतोय, एखादी गोष्ट बिघडली की मालक शोधत फिरावं लागतं. आज एका चिखलाला तीन मालक आलेत. आता निघा आणि तो सुकवा. समितीला मी बघतो."

समितीने एकोणतीस तारखेपर्यंत वेळ दिलाय. तपासायला दोन माणसं येणार आहेत.

आता ऐका काय झालं ते. स्टेजवाल्यांचा सामान आवरायचा शेवटचा दिवस होता. मी त्यांच्या मुकादमाला म्हटलं, पंखे हवेत, बारा दिवस. तो म्हणाला, दौरा पुढे आहे, नाही जमणार. बाई पुढे झाल्या. त्यांनी त्याला हाताला धरून कोर्टात नेलं आणि बूट काढायला लावले. त्याचा पाय चिखलात रुतला तसं त्याचं तोंड बदललं. म्हणाला, "हे आमच्या खाली होतं?" त्याने बावीस पंखे ठेवले आणि दोन दिवस नव्वद माणसं ठेवली. दाजी, तुमचे ढोलवाले! रांगेत गुडघ्यावर बसून हातखुरप्याने बुरशी खरवडत होते. खरोखरचा ढोल वाजवणारा, हाताला सोन्याचं कडं घातलेला, तो घमेली वाहत होता. मी त्याला म्हटलं, तुमचे हात विम्याचे असतील. तर म्हणाला, "चार दिवस या मातीवर नाचलोय, एवढं तर करायला हवं."

आणि बाई! नव्वद माणसांत आवाज न चढवता नुसतं बोट दाखवायच्या. कुठे थांबायचं, कुठे खोल जायचं, छप्पर केव्हा उघडायचं. दर दोन तासांनी चाळीस ठिकाणी मीटर. मला वाटलं होतं मीटर म्हणजे यंत्राचा माज. तसं नाही दाजी. तुम्ही पायाने ऐकता तेच ती सुईने ऐकते, आणि तितकंच मन लावून. मी तुम्हा दोघांच्याही हाताखाली काम केलंय, म्हणून सांगतो.

काल दुसरा थर बसला. वास गेलाय.

मला माफ केलंत का? होय-नाही एवढं तरी लिहा.

तुमचा अपराधी मेहुणा

३१ मार्च

मास्तर,

एकोणतीस तारखेला तपासणीस आले. त्यांनी चेंडू टाकून बघितले, पट्टी लावून बघितली. मीटरने चाळीसपैकी चाळीस ठिकाणी योग्य म्हटलं. त्यांनी सही करायला पेन काढलं.

का ते माहीत नाही, मी बूट-मोजे काढले. सगळे बघत होते, आणि तुमचे मेहुणे तर प्रार्थना केल्यासारखे हात जोडून उभे होते. मी कडेकडेने चालले, मग मधून. काही कळत नव्हतं, नुसतं गार आणि गुळगुळीत. पूर्वेकडच्या मागच्या रेषेपाशी आले, आणि तिथे हाताच्या पंजाएवढी जागा वेगळी लागली. ओली नाही, मऊही नाही. फक्त थोडी गप्प. दुसरा शब्द मला सापडत नाही.

मी म्हटलं, "सही करू नका. मला एक दिवस द्या." त्यांच्यातला एकजण म्हणाला, "अहो, तुमचंच यंत्र होय म्हणतंय." मी म्हटलं, "त्याने विचारलंय त्या चाळीस जागांत ही नाही." खणलं. चार बोटं खाली भिजलेल्या मातीचा एक गोळा राहून गेला होता. तिथे खेळाडू जोरात थांबला असता तर पाय मुरगळला असता. काढला, भरला, दाबला. काल सही झाली. स्पर्धा इथेच होते आहे, आणि सिमेंटचा विषय समितीने वहीतून काढून टाकला.

साहेबांनी एक निरोप दिलाय. पाटी तयार आहे आणि पितळीच आहे. तुमचं पत्र बैठकीत मोठ्याने वाचलं गेलं. वाचून झाल्यावर सगळ्यांनी पाटी लावायचीच असं ठरवलं, एकही हात खाली नव्हता. पण तुमचं मन नसेल तर लावणार नाहीत. काय करायचं ते तुम्ही कळवा.

सहा तारखेला याल ना? बोळाच्या तोंडाशी तुमची उभं राहायची जागा आहे, तिथे खुर्ची ठेवते. कोर्टावर चालायला जाताना तुम्ही चपला ठेवायचात तो कोनाडा पुसून ठेवलाय. सामन्याआधी तुम्ही एकदा चालून बघावं, अशी माझी फार इच्छा आहे.

मीटरबाई

२ एप्रिल

बाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. "गप्प" हाच शब्द आहे. एकतीस वर्षं मी तो शोधत होतो आणि लोकांना ओलसर, मऊ असं काहीबाही सांगत होतो.

पाटीचं. बोळात नको. तिथून खेळाडू येतात, त्यांना माझं काय? साहेबांना म्हणावं, लावायचीच असेल तर अवजारांच्या खोलीच्या दारावर लावा, बाहेरून. आतून पेन्सिल आहेच.

आता दाराबद्दल एक गोष्ट कबूल करायची राहिली. दहा मिनिटं ही छप्पर नव्हतं तेव्हाची. तीन वर्षांपूर्वी सरकतं छप्पर बसलं, हवा कोंडायला लागली, आणि माझ्या पायांना तेव्हाच कळलं की दहा जास्त होतात. मी गुपचूप नळ लवकर बंद करायचो. पण दारावर दहाच लिहीत राहिलो, आणि मेहुण्यालाही दहाच कळवली. आकडा बदलला की आपलं चुकलं असं दिसेल, असं वाटायचं. तुमचं मीटर खरं बोलत होतं. दारावर शेवटच्या ओळीखाली जागा आहे. तिथे या वर्षीची तारीख घाला, पुढे "आठ" लिहा, आणि खाली सही तुमची करा.

मेहुण्याला सांगा, होय. आणि पुढच्या कार्यक्रमाचं एक तिकीट काढून ठेव म्हणावं. माझ्या मातीवर इतकी वर्षं काय चालतं, ते एकदा बसून बघतो.

सहा तारखेला येतो. खुर्चीत बसेन. पण चालून बघायला लावू नका. कोर्ट तुम्ही बघितलंय, आता परत कुणी बघायची गरज नाही. कोनाडा तुमच्या चपलांसाठी ठेवा. मी बूट घालून येतोय.

मास्तर

ता. क. लग्नानंतर यांनी बूट घेतले नव्हते. काल दुकानात नेऊन घ्यायला लावले. चावतात म्हणून कुरकुर चालू आहे, पण आज सकाळपासून घरभर तेच घालून फिरतायत. — ताई